न निघणारा मळ

मी अंग घासायची हिरवी जाळी. घानातल्या कुमासी शहराच्या बाजारात डोक्यावर घमेलं घेऊन फिरणाऱ्या बाईने मला ओफोसुआला विकताना छातीठोकपणे सांगितलं होतं, “हिच्यापुढे कुठलाच मळ टिकत नाही.” मी तेव्हा केवढी फुशारले. आज ते आठवलं की जीव जळतो.

ओफोसुआ शाळेचे गणवेश शिवते. कपड्यावर डाग दिसला तर तिला जेवण जात नाही. आणि तिच्याच नऊ वर्षांच्या लेकीच्या, सेरवाच्या मानेवर काळा, जाडसर पट्टा. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या रांगेत बाईंनी कॉलर खाली ओढून पाहिली आणि पोरीला घरी पाठवलं, “मान घासून ये.” ओफोसुआला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग काय, रोज सकाळी त्या मानेवर मी.

“आई, दुखतंय गं.”

“दुखू दे. पुन्हा माझी लाज काढायचीय का?”

मला मळ कळतो. तो सुटतो, वाहून जातो. हा हलायलाच तयार नव्हता. मी कितीदा सांगितलं असेल, बाई गं, हा मळ नव्हे. पण जाळीचं कोण ऐकतंय? वर शेजारची आजी सेरवाचा गाल ओढून म्हणायची, “पोर कशी खात्यापित्या घरची दिसते. मान तेवढी घास.”

घासून झालं की आईचा जीव कळवळायचा. माल्टच्या गोड सरबताची थंडगार बाटली लेकीच्या हातात यायची. रोज.

काल कातडी सोलवटली, तेव्हा दवाखाना सुचला. नर्सला दाखवायला मलाही पिशवीत घेतलं. नर्सने मान पाहिली, वजन केलं, बोटातून रक्त घेतलं.

“हा मळ नाही, सेरवाची आई. अंगात इन्सुलिन तयार होतंय, पण वजन वाढल्यामुळे अंग त्याला दाद देत नाही. त्याचीच ही खूण. साखर अजून काठावर आहे. गोड पेयं आजपासून बंद. आणि पोरीला खेळू द्या.”

ओफोसुआ तिथेच रडली. रडून काय उपयोग? दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते.

आज सकाळी मी खिळ्यावरच राहिले. आईने नुसत्या हाताने मान धुतली. सेरवाने हात पुढे केला.

“बाटली?”

“आता नाही मिळायची, राणी.”

मग सेरवानेच मला खिळ्यावरून काढलं, आईच्या हातात दिलं आणि मान खाली वाकवली.

“घास ना. आज नाही रडणार.”

ओफोसुआ मला हातात धरून नुसती उभी आहे. अहो, मला टाचांना लावा, मोरी घासायला घ्या, मी कुरकुर करणार नाही. पण त्या वाकलेल्या मानेवर पुन्हा नको.