आकडे लिहिलेली दट्ट्यापेटी

मित्रांनो, मी एक जुनी दट्ट्यापेटी आहे आणि स्वभावाने जरा जास्तच काळजी करणारी आहे. माझ्यासारखी पेटी तुम्ही बालवाडीत पाहिली असेल. नसेल पाहिली, तर सांगते. हातभर लांबीचा लाकडी ठोकळा, त्यात ओळीने दहा भोके आणि प्रत्येक भोकात डोक्यावर गुंडी असलेला एक दट्ट्या. पहिला चांगला लठ्ठ, मग कमी कमी होत शेवटचा पेन्सिलीएवढा बारीक.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. बोलायला फटकळ, पण हाताचा पक्का. एकेक दट्ट्या घालून, काढून, पुन्हा घासून त्याने मला तीन दिवस छळले. "सैल झालं तर पोरांना चूक कळणार कशी?" असे तो पुटपुटायचा. माझे सारे मोल त्यातच आहे. बारीक दट्ट्या मोठ्या भोकात घातला तर मी काही बोलत नाही. पण शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो आणि रिकामे भोक असते एवढेसे. मग मूल डोके खाजवते आणि पहिल्यापासून बघू लागते. रागावणे नाही, लाल फुली नाही.

बालवाडीच्या ताईंना हे पक्के ठाऊक होते. मुलांना मदत करायला हात शिवशिवू नयेत म्हणून त्या ते पाठीमागे बांधून वर्गात फिरायच्या. पाहुणे आले की मला कौतुकाने पुढे करायच्या. माझ्या गुंड्या मुलांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या. ती वर्षे सुखाची होती.

मग मुंगी आली. साडेतीन वर्षांची ही मुलगी सगळे सावकाश करायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. चटई पसरून ती मला दोन्ही हातांनी उचलून आणायची आणि प्रत्येक दट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवत बसायची. रोज दोन-तीन दट्टे चुकायचे. तिला घाई नव्हती. घाई होती तिच्या बाबांना.

बाबा वायरमन होते. एका शुक्रवारी कामावर जाता जाता ते दारात थांबले.

"ताई, शेजारची पोरगी शंभरपर्यंत आकडे लिहिते. आमची घरी येऊन काय सांगते? लाकडं काढली नि लाकडं घातली. सोमवारी येऊन बघतो. काही दिसलं तर ठीक, नाहीतर दुसरीकडे घालतो तिला."

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. मला तोंड असते तर माझेही पळाले असते. मुले घरी गेल्यावर ताईंनी पेन घेतले आणि माझ्या दट्ट्यांवर आणि भोकांपाशी एक ते दहा आकडे घातले. "जरा सोपं करते, एवढंच," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला रडू आले.

शनिवारी मुंगीला त्या आकड्यांचा काही उलगडा होईना. ताई बोट ठेवून दाखवू लागल्या, "हा बघ, असा आकडा. तसाच इथे आहे." मुंगीचे बोट फिरवणे थांबले. दट्ट्या उचलला की ती आधी ताईंच्या तोंडाकडे बघायची. दहाही दट्टे बरोबर बसले आणि मुंगी रडवेली होऊन उठली. ती पुन्हा मला कधी हात लावेल की नाही, या विचाराने माझा रविवार कसाबसा गेला.

सोमवारी बाबा आले आणि छोट्याशा स्टुलावर गुडघे वर करून बसले. मुंगीने दट्ट्या उचलला आणि ताईंकडे पाहिले. ताईंचा हात पुढे आला, अर्ध्यावर थबकला आणि मागे गेला.

"मी नाही सांगणार, मुंगे. तुझं तू बघ."

मुंगी गोंधळली. एकेक दट्ट्या बसवत गेली. शेवटी हातात एक जाडा उरला आणि भोक होते बारीक. माझ्या जिवात जीव नव्हता.

"अगं, आकडा बघ ना," म्हणत बाबा पुढे वाकले.

"थांबा," ताई म्हणाल्या. "मुंगीचे बाबा, हवं तर तिला उद्या काढून घ्या. पण आत्ता थांबा."

मुंगीने डोळे मिटून घेतले. तिचे बोट माझ्यावरून फिरू लागले. एका सैल दट्ट्यापाशी ते थांबले. तिने तो उपसला, मग दुसरा. बाबांचा फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटचा दट्ट्या आत गेला. मुंगीने कोणाकडेही पाहिले नाही. तिने दहाही दट्टे बाहेर काढले आणि पुन्हा सुरुवात केली.

बाबांनी दबक्या आवाजात विचारले, "ताई, मी आता बोललो तर तिचं बिघडेल का?"

"हो."

ते गप्प बसून राहिले.

ताईंनी काचकागदाने माझे आकडे घासून काढले. मला झोंबले, पण बरे वाटले. मुंगी रोज येते. माझी काळजी मात्र संपत नाही, कारण दरवर्षी कोणाचे तरी आईबाबा असे दारात थांबतातच.

मित्रांनो, आम्हाला पुसून ठेवा, हरवू नका, असे सगळ्याच वस्तू सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. तुमचे धाकटे भावंड शर्टाची बटणे लावत बसले असेल आणि पहिलेच बटण भलत्या काजात गेले असेल, तर जरा दम धरा. शाळेला उशीर झाला तरी चालेल. शेवटी एक बटण उरेल. ते त्याचे त्याला दिसू द्या.