मांडीवरची थाप

काझ ग्रोमेक चर्चच्या दारात उभा होता तो उभाच. आत ऑर्गन घुमत होता, लोक माना वळवून बघत होते. पोरगी रोझाली बापाच्या कोपरात हात अडकवून थांबलेली, पण हा बाबा तसूभर हलेना.

तिचं मागणं तरी काय होतं? आई केव्हाच गेलेली. वडिलांनी आपल्याला वेदीपर्यंत न्यावं, बस्स. पुढच्या वर्षी त्यांना एवढंही जमायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं, म्हणून तर लग्न अलीकडे ओढलं. खाली चर्चच्या तळघरात पाहुण्यांसाठी शेजारणींनी घरून करून आणलेल्या बिस्किटांनी टेबलं भरली होती, आणि इथं सगळंच अडलं.

जो तो शहाणा झाला. कुणी कानाशी ओरडलं, कुणी पाठीला रेटा दिला. अरे, काझला रेटून कोण हलवणार? अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरच्या संघाचे धिप्पाड गडी छातीवर झेलण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. त्या टकरांनीच डोक्याची माती केली होती. ओरडा वाढला तसा तो आणखीच घट्ट झाला. शेवटी रोझालीचे डोळे भरले. “राहू द्या, जाते मी एकटी,” ती म्हणाली.

मागच्या बाकावर लेमार टिब्सचा जीव कासावीस झाला. सगळी कारकीर्द तो काझच्या उजव्या खांद्याला खांदा लावून खेळला होता. एकदम त्याच्या ध्यानात आलं, आणि तो स्वतःवरच चिडला. इतका वेळ झोपला होतास काय मेल्या! परक्या मैदानावर हजारो लोक बोंबलत असले की हाक ऐकूच यायची नाही. काझनं मान खाली घालून चेंडूवर हात ठेवायचा, मागे उभ्या गड्याच्या इशाऱ्याकडे बघायचं ते लेमारनं, आणि वेळ झाली की त्याच्या मांडीवर थाप मारायची. मगच चेंडू मागच्या गड्याकडे जायचा, आणि त्याला कुणी धक्का लावू नये हे या दोघांचं काम. त्याआधी हललं तर दंड. गोंगाटात काझ कधी आधी हलला नाही, आणि त्याचा त्याला केवढा तोरा!

लेमार काठी टेकत काझच्या उजवीकडे आला. गुडघे कुरकुरले, तरी वाकला. मान वळवून एकदा पोरीकडे पाहिलं आणि काझच्या मांडीवर थाप मारली.

काझ निघाला. त्याला सोडून लेमार कसा राहील? तिघंही चालत गेले, काठी फरशीवर वाजत होती, आणि कुणीही हसलं नाही.

वेदीपाशी नवरा मुलगा पुढे झाला तसा काझनं हात आडवा घातला.

“काझ्या, आपलाच आहे तो,” लेमार म्हणाला.

काझनं हात खाली घेतला. बाजूला नजर टाकून त्यानं हळूच विचारलं, “ही पोरगी कोण रे?”

रोझालीनं ते ऐकलं.

“कुणी असू दे,” काझच पुढे म्हणाला. “तिला कुणी धक्का लावला नाही ना?”

“नाही रे. बोटसुद्धा लागू दिलं नाहीस तू.”

“मग झालं,” काझ म्हणाला, आणि आपण होऊन तिचा हात सोडला.