सैल टाक्यांची शाल

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची शाल आहे. खरं सांगायचं तर आता तोकडी शाल उरले आहे. माझ्या एका टोकाला शेंदरी पट्ट्याची सरळ कड आहे. दुसऱ्या टोकाला कात्रीच्या खुणा आहेत आणि मी आणखी उसवू नये म्हणून तिथे जाड पांढऱ्या दोऱ्याने घाईघाईत टाके घातले आहेत. घरी आलेलं माणूस विचारतं, "अहो काका, हे लक्तर कशाला जपून ठेवलंय?" काका चहा ठेवायला आत जातात. म्हणून मीच सांगते.

काका म्हणजे बाइंडरकाका. पुढच्या खोलीत त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मधे एक पडदा. पुढे पुठ्ठे, कागदाचे गठ्ठे, खळीचा डबा आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. कचेऱ्यांची रजिस्टरं आणि वाचनालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि नवा कोट घातल्यासारखी परत जायची. पुठ्ठ्यावर कापड चढवताना काका ते असं ताणत की शोधून सुरकुती सापडू नये. "कापडाला लाड चालत नाहीत," ते म्हणत. "ढील दिली की डोक्यावर बसतं."

पडद्याच्या आड काकूंनी मला विणलं. करड्या लोकरीची, जाळीची वीण. "अंगावर ऊब हवी, ओझं नको," असं त्यांचं म्हणणं. काका पडद्यातून डोकावून चिडवायचे, "तुझी शाल म्हणजे सरकारी रस्ता. आपल्या हयातीत काही पुरा व्हायचा नाही." काकू मान वर न करता म्हणायच्या, "तुम्ही आधी ती चार महिन्यांपूर्वीची पुस्तकं द्या लोकांना, मग माझ्यावर बोला."

त्याच दिवसांत दुकानात एक कुत्रीचं पिल्लू शिरलं. रद्दीच्या ढिगावर झोपायचं, म्हणून काकांनी तिचं नाव रद्दी ठेवलं. "पोरीच्या जातीला असलं नाव ठेवतं का कुणी!" म्हणत काकू तिला रोज पोळीचा तुकडा टाकायच्या. हळूहळू त्यांच्याही तोंडी तेच नाव बसलं.

मी चारातले तीन हिस्से विणून झाले आणि काकू आजारी पडल्या. आधी अधूनमधून ताप, मग दवाखान्याच्या खेपा, मग अंथरूणच. तरी त्यांनी सुया सोडल्या नाहीत. उशाला टेकून रोज एखादी ओळ घालत. बोटांत जोर नव्हता, त्यामुळे शेवटच्या ओळींचे टाके सैल पडत गेले. वरची जाळी तांदळाच्या दाण्याएवढी होती, खालची मात्र बोट जाईल एवढी झाली. काकूंना ते दिसत होतं. सुयांवरून मला उतरवताना त्या म्हणाल्या, "एवढ्या ओळी उसवून पुन्हा घालायला हव्यात हो. ढिल्या झाल्यात."

"राहू दे," काका म्हणाले. "छान आहेत."

पुढच्याच आठवड्यात काकू गेल्या.

त्यानंतर लांबच्या गावी नांदणारी मुलगी आली, महिनाभर राहिली आणि जाताना मला बरोबर न्यायला मागू लागली. सगळं देणाऱ्या काकांनी एक मला मात्र हातातून सोडलं नाही. "एवढी एक राहू दे इथे," म्हणाले. रोज झोपताना माझं सैल टोक ते गालाखाली घेत. मला त्यांनी कधी धुतलं नाही, उन्हातसुद्धा घातलं नाही. काकूंच्या तेलाचा आणि औषधाचा वास माझ्यात होता, तो जाईल या भीतीने. मित्रांनो, एखाद्या वस्तूचा यापेक्षा मोठा मान काय असणार? मी स्वतःला फार भाग्यवान समजत होते.

दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात रद्दी गाभण राहिली. काका एकटेच राहत होते, बोलायला दुसरं कुणी नव्हतं. ते तिलाच सांगत, "बाई, आता पायऱ्यांवरून उड्या मारू नकोस." कागद ज्यात येतो ते एक लाकडी खोकं त्यांनी शिकंज्यामागच्या कोपऱ्यात मांडलं आणि आत जुने छापील कागद अंथरले. एका दुपारी रद्दी तिथे व्याली. पाच पिल्लं झाली. मिटलेले डोळे, मिटलेले कान, तळहातावर मावतील एवढाले जीव.

कागद गुळगुळीत होता. पिल्लं आईकडे सरकू बघायची आणि त्यांचे पाय बेडकासारखे दोन्हीकडे फाकायचे. शिवाय खाली फरशी गार. काकांनी एकाला बोट लावून पाहिलं आणि चटकन हात मागे घेतला. "अरे, हे तर गारठलंय!"

त्यांनी कपाट उघडलं. आधी हाताला आली एक सुती चादर. जाड, घट्ट विणीची, धुऊन धुऊन विटलेली. ती त्यांनी बाहेर काढली, उलटीसुलटी केली आणि परत ठेवून दिली. "पोतेरं घालायचं का बाळंतिणीला?" असं स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी मला हातात घेतलं.

"ती असती तर तिने हीच दिली असती," ते म्हणाले, आणि माझी चौघडी करून मला खोक्यात अंथरलं.

मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. पाच इवलीशी पोटं माझ्यावर टेकली. मी त्यांची ऊब घेतली आणि त्यांना परत दिली. रद्दीने मला हुंगलं आणि ती माझ्यावर आडवी झाली. पोळीचा तुकडा देणाऱ्या हाताचा वास तिला माझ्यात सापडला असेल. दोन दिवस काका उठता-बसता खोक्यात डोकावत आणि हसत. काकू गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बांधलेली रजिस्टरं पोचवायला कचेरीत गेले. रद्दीला जागा मोडून पुन्हा रचायची सवय होती. तिने पंजांनी मला उकरलं, गोळा केलं, फिरून फिरून बसली. माझ्या घड्या सुटल्या, एकीकडे ढीग झाला, दुसरीकडे पोकळी. एक पिल्लू ऊब शोधत त्या पोकळीत शिरलं. आत मऊ होतं, ते आणखी आत गेलं. वरून रद्दी बसली. खाली काय आहे, हे तिला कळलं नाही. मी मधे होते ना.

त्याच वेळी सगळ्यात लहान पिल्लाचा पुढचा पाय माझ्या सैल टाक्यांत गेला. पिल्लाने तो ओढला, ते गोल फिरलं, आणि लोकर पायाभोवती आवळत गेली. मित्रांनो, मी शाल आहे. मला धरून ठेवता येतं, सोडता येत नाही. एक केविलवाणा आवाज बराच वेळ येत होता. दुसरा आवाज येत नव्हता, हे मात्र माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

दुपारी काका आले तेव्हा रद्दी दारातच कण्हत उभी होती. त्यांनी खोक्यात पाहिलं आणि हातातली पिशवी तशीच टाकली. पिल्लाचा पाय सुजून निळा पडला होता. टाके सोडवायला त्यांनी नखाने पाहिलं, सुईने पाहिलं. लोकर मांसात रुतली होती. शेवटी त्यांनी कात्री घेतली.

काकूंच्या हातच्या शेवटच्या ओळी होत्या त्या. कात्री टाक्यांना लागली आणि थांबली. पिल्लू किंचाळलं. मग त्यांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही, कचाकच आडवी कात्री चालवली. सैल टोक माझ्यापासून वेगळं झालं आणि पाय सुटला.

"झालं बाळा, झालं," म्हणत त्यांनी पिल्लं मोजली. चार. पुन्हा मोजली. मग मला उचलून झटकलं. घडीतून पाचवं पिल्लू त्यांच्या हातात आलं.

त्यांनी ते चोळलं, फुंकर घातली, सदऱ्याच्या आत छातीशी धरलं. कितीतरी वेळ. पिल्लू गारच राहिलं.

सुजल्या पायाचं पिल्लू घेऊन ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंना दाखवायला मलाही पिशवीत घालून नेलं. बाईंनी पायातला राहिलेला धागा चिमट्याने काढला, औषध लावलं आणि मला टेबलावर पसरून पाहिलं.

"घरातलं चांगल्यातलं चांगलं दिलं होतं हो मी," काका म्हणाले. "माझ्या मंडळींच्या हातची आहे."

"कळतंय, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण आपल्याला लाडकं ते पिल्लांना सोसेलच असं नसतं. त्यांचे डोळे उघडलेले नाहीत, अंगात स्वतःची ऊब धरायची ताकद नाही. जिथे मऊ लागेल तिथे शिरतात आणि परत फिरता येत नाही त्यांना. भोकं नकोत, घड्या नकोत, झालरी नकोत. साधं घट्ट सुती कापड, खाली कागदाचा थर, आणि कापड असं ताणून बसवा की आईने उकरलं तरी गोळा होऊ नये."

"आणि ऊब?"

"गरम पाण्याची पिशवी. कापडात नीट गुंडाळून, एकाच कोपऱ्यात. सगळीकडे गरम केलंत तर बिचारी पळतील कुठे? सगळी एकमेकांवर चढून बसली तर समजा थंडी वाजतेय. लांब लांब पांगून ओरडायला लागली तर उकडतंय. ओलं झालं की लगेच बदला."

काका घरी आले. मागच्या अंगणात त्यांनी एक लहान खड्डा खणला आणि माझं कापलेलं सैल टोक पाचव्या पिल्लाभोवती गुंडाळून ते त्यात ठेवलं. मग कपाटातून ती विटकी चादर काढली. आयुष्यभर जे काम केलं तेच त्यांनी त्या संध्याकाळी केलं. खोक्याच्या मापाची फळी घेतली, तिच्यावर कागद रचला आणि वरून चादर ताणून बसवली. खळ वापरली नाही, पिल्लं चाटतील म्हणून. कापड खालच्या बाजूला शिवून टाकलं. अशा दोन फळ्या केल्या, एक धुवायची, एक वापरायची. खोक्याच्या आतून भिंतीपासून चार बोटं अंतरावर एक काठी ठोकली, म्हणजे आई टेकली तरी मागे पिल्लाला जागा राहील. काम झाल्यावर त्यांनी चादरीवरून तळवा फिरवला. कुठे सुरकुती नव्हती. चारी पिल्लं त्यावर पाय रोवून सरपटत आईकडे गेली.

मला त्यांनी खुर्चीवर टाकलं होतं. रद्दी चौघांना पाजून आली, मला हुंगलं आणि दातांनी ओढून खाली घेतलं. माझा पदर न् पदर नाकाने उलटून पाहिला. काही सापडलं नाही, तेव्हा माझ्यावर हनुवटी ठेवून पडली. असं चार दिवस चाललं. काकांनी तिला एकदाही हटकलं नाही. पाचव्या दिवशी ती आली नाही, तेव्हा त्यांनी मला उचललं आणि पहिल्यांदा धुतलं. पिल्लाचा वास गेला. त्याच पाण्यात काकूंचाही गेला. वाळल्यावर काकांनी मला नाकाशी धरलं आणि कापलेल्या कडेला टाके घालायला बसले.

दीड-दोन महिन्यांत तीन पिल्लं चांगल्या घरी गेली. पाय अडकलेलं ते पिल्लू आता लंगडी झालं होतं; त्या लंगडीला न्यायला काकांची मुलगी आली. तिने मला दोरीवर पाहिलं.

"बाबा, आईची शाल कापली कुणी?"

"मी."

तिचा चेहरा उतरला. "मला नाही दिलीत, आणि कात्री चालवलीत?"

मग काकांनी तिला सगळं सांगितलं. काहीही न लपवता. शेवटी तिने लंगडीला मांडीवर घेतलं आणि तिचा वाकडा पाय हातात धरला.

"मला एक फोन करायचात ना बाबा," ती म्हणाली. "एकटेच बसलात हे घेऊन."

जाताना तिने शिवलेली फळी बरोबर नेली. माझ्याकडे तिने एकदा वळून पाहिलं, पण मला मागितलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर रद्दी रिकामं खोकं हुंगून आली आणि काकांच्या पायाशी बसली. काकाही दारातच बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्या जिन्याखाली, तुमच्या अंगणात एखादी कुत्री व्याली तर तिला जरूर काहीतरी अंथरा. पण अंथरण्याआधी त्यावरून हात फिरवा. बोट अडकतं का पाहा, ओढून गोळा होतं का पाहा. आणि अंथरलंत म्हणजे काम संपलं असं समजू नका, दिवसातून चारदा पिल्लं मोजा. मला कुणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, मला नको, ती विटकी चादर घाला. पण शालीला कोण विचारतं?

त्या पाचव्या पिल्लाला नाव ठेवायचंही राहून गेलं. त्याचे डोळे उघडायला अजून आठ-दहा दिवस होते. आई, काका, खोकं, उजेड, त्याने काहीच पाहिलं नाही. या जगाबद्दल त्याला कळलं ते एवढंच, की इथे काहीतरी मऊ आहे आणि उबदार आहे. ती मी होते.