शहाण्णव टक्के

सकाळपासून तिने मोबाइल गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर ठेवला होता, कारण अख्ख्या घरात रेंज काय ती तिथेच यायची. तान्ह्या लेकीची मान एका बाजूला कलायची. डॉक्टरीणबाईंनी व्यायामाचा नवा व्हिडिओ पाठवला होता, पण लिंक संध्याकाळी बंद होणार होती. अडत अडत चालणारा व्हिडिओ बघून त्या इवल्या मानेला हात लावायची तिची छाती नव्हती. म्हणून आधी तो पूर्ण उतरवून घ्यायचा होता.

"अगं, किती वेळा जिना चढशील? तुला बघून माझे गुडघे दुखायला लागले," सासूबाई म्हणाल्या.

ती अकराव्यांदा वर गेली. शहाण्णव टक्के! तेवढ्यात मोबाइल वाजला. फोन आला की नेट तुटायचं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं.

पलीकडे नवरा होता. "काय गं, झाला का डाउनलोड?"

"होतच आला होता, तुम्ही विचारेपर्यंत."

"अरे देवा! मग आता?"

"आता संध्याकाळपर्यंत माझी आठवण काढू नका."

तिने पुन्हा बटण दाबलं आणि टाकीला टेकून तिथेच बसली. खाली लेक रडायला लागली. ती उठणार, तोच सासूबाईंचा आवाज आला, "मी घेतलंय हिला. तू तुझं ते दुसरं बाळ सांभाळ!"