ठणठणीत बॅटरी

मी एक बॅटरी, चाकांवरच्या एका छोट्या घरातली. राहते पलंगाखाली, म्हणून माझं बोलणं वर पोचत नाही. गाडीचं इंजिन सुरू करणारी माझी थोरली बहीण पुढे असते. मी मागे घर सांभाळते. दिवे, पंखा, पाण्याचा पंप. हळूहळू द्यायचं, हळूहळूच घ्यायचं, हा माझा स्वभाव. कारखान्यातच माझ्या कुशीवर चिकटवलं होतं: चार्ज करताना दहा अँपिअर, त्याहून जास्त नको.

माणसं पडद्यांचा रंग निवडण्यात दुपार घालवतात. कुशीवरची ओळ कोण वाचतो?

वाचली ती नव्या सुनेने. लग्नाला महिना झालेला. दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्यांदाच लांब निघणार होते आणि मी पार उतरले होते. सासरे ट्रकचे मेकॅनिक. गॅरेजमधला भला मोठा चार्जर त्यांनी ओढत आणला आणि काटा चाळीसवर नेला.

"बाबा, हिच्यावर दहा लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला कुठं जायचंय? तुम्हाला जायचंय ना? दहावर लावली तर परत यायच्या दिवशी भरेल!"

नवरा नुसता हसला. वडिलांपुढे त्याचा काटा कायम शून्यावर.

सासऱ्यांची एक पद्धत होती. जन्मभर ते बॅटरीला कान लावून ठरवत आले: खदखदली की भरली. पण त्या झाकणांच्या बॅटऱ्या. आटलेलं पाणी वरून घालता येई. मी कायमची बंद. माझं आटलं ते आटलंच.

दुपारपर्यंत मी तापले. पोट तटतटलं, झडपेतून ठिणगीने पेट घेणारा वायू फुसफुसू लागला. सासऱ्यांनी कान लावला.

"ऐक सूनबाई, ढेकर दिला हिने! पोट भरलं."

"कुजक्या अंड्यासारखा वास येतोय, बाबा."

"नव्या गाडीला येतोच वास," म्हणत त्यांनी उद्यासाठी गाडीतली शेगडी पेटवून बघायला काडेपेटी काढली.

"काडी ओढू नका!"

तिचा एवढा आवाज त्या घराने प्रथमच ऐकला. तिने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग चार्जरचे चिमटे काढले, दार सताड उघडलं. सासरे तोंड फुगवून निघून गेले. रात्री जेवायलाही आले नाहीत.

सकाळी नवरा एकटाच आत आला. पलंगाची फळी उचलून त्याने पाहिलं. माझ्या दोन्ही कुशी बाहेर आलेल्या. त्याने बोट लावलं, मागे घेतलं. मला बदलायचं म्हणजे वडील चुकले असं वडिलांना सांगायचं. त्याने फळी दाबून बसवली आणि वर गादी अंथरली.

"फुगली नाही ना रे?" तिने बाहेरून विचारलं.

"छे! ठणठणीत आहे."

आता आम्ही रस्त्यावर आहोत. इंजिनाकडून पुन्हा करंट येतोय आणि मला नको म्हणता येत नाही. बाहेर गारठा, म्हणून खिडक्या बंद. नवरा समोर बघून गाडी हाकतोय. ती मागे येऊन माझ्यावर बसलीय. आत्ताच तिने नाक फुलवून एकदा वास घेतला.

बाई गं, तुला वाचता येतं, वासही कळतो. त्याच्या शब्दावर जाऊ नकोस. गाडी थांबव, खिडक्या उघड आणि फळी उचल.