ओठांवरचं इंग्रजी

गिरणीचा संप लांबत गेला तसं भिवाला घरात बसून बायकोचं तोंड बघण्याखेरीज काम उरलं नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

भिवा गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात होता. तिथं यंत्रांचा आवाज असा, की शेजारच्या माणसाने कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून कामगार आवाज न काढता नुसते ओठ मोठे करून बोलत, आणि समोरचा बरोबर वाचत असे. लग्न झाल्यावर भिवानं ही विद्या शैलाला शिकवली, कारण घोडपदेवच्या त्या एका खोलीत भावाचं कुटुंब होतं आणि आई राधाबाई होती. नव्या नवरा-बायकोनं बोलायचं कुठं? राधाबाई पुढ्यात मिरच्या निवडत बसलेली असायची आणि हे दोघं तिच्या डोक्यावरून राणीबागेत जायचं ठरवून मोकळे व्हायचे. भावानं पुढे वेगळं बिऱ्हाड केलं, पण यांची सवय सुटली नाही. सबंध चाळीत कुणाजवळ नाही असं काही भिवाजवळ होतं ते बायकोशी चालणारं हे मुकं बोलणं, एवढंच, आणि त्याचा त्याला कोण तोरा.

आता शैला संध्याकाळी बुद्धविहारात इंग्रजी शिकायला जात होती. शिकवणारा दौलत बी.ए. झालेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा. रोज एकच क्रियापद द्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि ते कुठं कसं वापरायचं ते घोटून घ्यायचा. दादरच्या एका डॉक्टरांना दवाखान्यात फोन घ्यायला बाई हवी होती आणि दौलत शैलाचं नाव सुचवून आला होता. घरात आता कमावणारं कुणी नव्हतं. ही नोकरी लागली तर चूल नीट पेटणार होती, हे भिवालाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पोटात दुखणं वेगळं.

त्या दिवशी शैला भाकरी थापत होती आणि तिचे ओठ हलत होते. भिवानं सवयीनं वाचायला घेतलं, तर काही लागेचना. इतक्या वर्षांत तिच्या ओठांवरचं त्याला न कळलेलं हे पहिलंच. त्यानं विचारलं तर ती हसून म्हणाली, आजचा शब्द आहे, पक्का झाला की सांगते. म्हणजे मास्तरला आधी आणि नवऱ्याला मागून. भिवा जेवला, पण घास काही गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो विहाराच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. दौलत शैलासमोर स्टूल ओढून बसला होता आणि टक लावून तिच्या ओठांकडे बघत होता. शैलाचे ओठ हलत होते, मोठे, सावकाश, भिवानं शिकवले तसे. आवाज नाही. भिवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिनं दोघांचं ते बोलणं या मास्तरला देऊन टाकलं होतं. एक वेळ दागिना देऊन आली असती तर चाललं असतं.

तो तसाच आत घुसला. "मास्तर, माझ्या बायकोशी हे काय बोलणं चाललंय?"

बाकीच्या बाया वळून बघू लागल्या. दौलत घाबरेल असं भिवाला वाटलं होतं, पण तो हात जोडूनच उठला.

"बरं झालं आलात, भिवादादा. हिला सगळं येतं, पण इंग्रजी म्हटलं की लाजेनं आवाजच बंद. नुसते ओठ हलवते. फोनवर ओठ कुणाला दिसणार? परवा बोलावलंय डॉक्टरांनी. हे असं बोलायला हिला शिकवलं तरी कुणी?"

शैला खाली मान घालून पदराचं टोक चाळवत राहिली. तिनं नाव सांगितलं नाही. भिवा ओशाळला, पण ओशाळला म्हणून मत्सर थोडाच जातो? त्यानं विचारलं, शब्द तरी कुठला?

दौलतनं सांगितलं, कालचाच, मॅनेज. भिवाला मॅनेजर माहीत होता, पण तो दिवसभर करतो काय हे गिरणीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दौलत म्हणाला, मॅनेज म्हणजे निभावणं, अडचण असली तरी भागवून नेणं. डॉक्टर विचारतील, घर, म्हातारी सासू, हे सगळं सांभाळून नोकरी कशी जमणार? तर ताठ मानेनं म्हणायचं, आय मॅनेज. मी निभावते.

"आणि यात नवऱ्याचं नाव कुठं घालायचं?"

"नाही घालायचं," दौलत सरळपणे म्हणाला. "जो निभावतो तोच म्हणतो."

घरी येईपर्यंत भिवाचा दौलतवरचा राग कुठल्या कुठे गेला. तो राग परवडला असता. मास्तरची कॉलर धरता येते, या शब्दाचं काय धरायचं? शेजारणींचे ब्लाउज शिवून, कण्या शिजवून शैलानं घर चालवलं होतं, आणि मराठीत एकदाही तसं बोलून दाखवलं नव्हतं. भिवाला आता तिचाच हेवा वाटत होता. त्याला स्वतःला असं वाक्य म्हणता आलं नसतं.

सकाळी त्यानं तिला गॅलरीच्या एका टोकाला उभं केलं आणि आपण नळाजवळ दुसऱ्या टोकाला गेला. "म्हण."

शैलाचे ओठ हलले. आज त्याला ते लख्ख वाचता आले. तो पाठ फिरवून उभा राहिला. आता ओठांचा काही उपयोग नव्हता.

मग मागून चिरका आवाज आला, मग जरा बरा, आणि मग खणखणीत, "आय मॅनेज."

दारं उघडली. राधाबाई बाहेर येऊन विचारू लागली, काय म्हणते ही? भिवालाच सांगावं लागलं.

"निभावते म्हणते. ती."

"मग खोटं काय त्यात?" म्हणत राधाबाई आत गेली.

भिवाच्या ते जिव्हारी लागलं. शैलाचा आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला होता, शब्दन् शब्द त्याला ऐकू आला होता, पण मागे वळून तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"ऐकू नाही आलं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "परत म्हण."