बसून नमस्कार

मे महिन्यात उजनीचं पाणी उतरलं, की धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं देऊळ वर यायचं आणि ते बघायला घरोघरी पाहुणे यायचे. चहा झाला की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "होडीतून कधी जायचं?" इंदापूर तालुक्यातल्या त्या काठावरच्या गावात हा प्रश्न सगळ्या घरांतून हसतखेळत विचारला जाई. तुळसाबाईंच्या घरात मात्र १९९७ च्या उन्हाळ्यात तो कोणी काढला नाही. आदल्या वर्षी त्यांचे पती ज्ञानदेव त्या फेरीला गेले, ते जिवंत परतले नव्हते.

मेघना ही त्यांची थोरली मुलगी. बारामतीला शिक्षिका होती. सुट्टी लागताच ती आईकडे आली, ती मनाशी एक गोष्ट पक्की करूनच. संध्याकाळी ग्रामसभेत एका प्रश्नावर निर्णय व्हायचा होता. माणसं फिरवणाऱ्या होडीवाल्यानं प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी, दाखला नसेल तर त्याची होडी गावच्या धक्क्यावरून सोडू नये, असा नियम करायचा का?

"दाखल्यानं काय होणार, आई? होड्या बंदच करायला हव्यात," मेघना म्हणाली.

तुळसाबाई ज्वारी पाखडत होत्या. "मग जोतीरामची पोरं काय खातील?"

"त्याच्याच होडीत बाबा गेले."

"मला ठाव हाय कोण गेलं ते," त्या म्हणाल्या आणि सूप खाली ठेवून आत गेल्या.

मेघना सूप घेऊन पाखडायला बसली. वर्षभरात आई त्याबद्दल एवढंही बोलली नव्हती.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात माणसं जमली. जोतीराम उभा राहिला. अंगानं दणकट, आवाज मोठा.

"मी ह्या पाण्यावर वाढलो. शहरातला सायेब येऊन मला होडी शिकवणार? उद्या म्हशी धुवायलाबी परवाना मागाल!"

लोक हसले. खुर्चीवर बसलेल्या आप्पासाहेबांनी मान डोलावली. जुन्या गावापासून त्यांच्या शब्दाला वजन होतं. ऊसही सगळ्यांत जास्त त्यांचाच. "बरुबर हाय. जोतीरामासारखा गडी शोधून सापडायचा न्हाय. त्या दिशी झालं ते नशिबानं झालं."

नशीब! मेघनाला ते ऐकवेना. ती उठणार, तोच तिच्या खांद्यावर हात टेकून तुळसाबाई उभ्या राहिल्या.

"जोतीराम, येक इचारू?"

"इचारा की, काकी."

"त्या दिशी देऊळ जवळ आल्यावर समदी येकदम उठली. हात जोडून येका अंगाला झाली. होडी कलली, ते तुला कळलं हुतं का न्हाय?"

जोतीरामची मान खाली गेली. "कळलं हुतं. पाण्यावरच्या माणसाला कळणार न्हाय व्हय?"

"मग बसा म्हनला न्हाईस?"

"कसं म्हणू, काकी? देवाफुडं हात जोडून उभी मानसं. त्यात आप्पासायेब म्होरं. त्यास्नी मी बस म्हणायचं? तोंडच उघडंना."

लोक आप्पासाहेबांकडे बघू लागले. ज्ञानदेव त्या वेळी उठले नव्हते. ते दुसऱ्या अंगाला बसून, जिथं त्यांची जुनी वस्ती बुडाली होती तिकडे बघत होते. होडी उलटली. बाकीच्यांना मासे धरणाऱ्यांनी ओढून काढलं. ज्ञानदेव होडीखाली अडकले.

"आमचं ह्ये यश्टीत कंडक्टर हुतं," तुळसाबाई म्हणाल्या. "घरात मोठ्यानं बोलायचं न्हाईत. पर गाडीत बिल्ला लावला की कुनाचीबी भीड न्हाय. टपावर बसल्याला मानूस खाली आल्याबिगर घंटी दिली न्हाय कदी."

"मलाच उतरवलं हुतं की टपावरनं, माज्या लग्नाच्या वरातीत!" आप्पासाहेबांच्या तोंडून निसटलं. लोक हसले, तेही हसले आणि मग त्यांचं हसू मावळलं.

"तुमी उतरला का बरं?" तुळसाबाईंनी विचारलं.

"बिल्ला हुता त्याच्याकडं. गाडीची जोखीम त्याची हुती."

"मग जोतीरामकडंबी पायजे. तवा तो बसा म्हनंल, आन् तुमी बसाल."

जोतीराम हातातलं मुंडासं पिळत उभा होता. वर्षभर मेघनानं मनातल्या मनात त्याला कितीतरी शिक्षा दिल्या होत्या. आज पहिल्यांदाच तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यालाही ते वर्ष जड गेलं होतं.

"मला शिकवा," तो म्हणाला. "पाणी न्हाय. मानसास्नी आडवायचं कसं, ते शिकवा!" त्यानं नियमाच्या बाजूनं हात वर केला. मेघनानंही केला. बंदीची मागणी तिनं काढलीच नाही. आप्पासाहेब खुर्चीवरून उठले. "पैला मीच उठलो हुतो त्या दिशी," एवढंच बोलून त्यांनी हात उंचावला.

नियम झाला. पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा देऊन दाखला मिळवलेल्या जोतीरामच्या होडीत माणसं बसली, ती आधी पाण्यावर तरंगवणारी फुगीर जाकिटं घालून. तुळसाबाई होत्या, मेघना होती, आप्पासाहेबही. देऊळ जवळ येताच दोघं-तिघं सवयीनं उठू लागली.

"आप्पासायेब, खाली बसा. समद्यांनी बसूनच नमस्कार करा!" जोतीराम मोठ्यानं म्हणाला.

आप्पासाहेब बसले. बसूनच त्यांनी हात जोडले. मेघना दुसऱ्या अंगाला, उघड्या पाण्याकडे बघत राहिली. होडी जरासुद्धा कलली नाही.

वाचकहो, आपल्या गावात पोहणारे आणि वल्हवणारे पुष्कळ आहेत. पण माणसं पाण्यावर नेणाऱ्याला थोरामोठ्यांना अडवण्याचं धाडस आणि तो हक्क दोन्ही लागतात. ते एकट्याच्या अंगी आपोआप येत नाहीत. गावाला ते शिकवावे लागतात, द्यावे लागतात. आणि दिल्यावर, तो बसा म्हणाला की आपल्याला बसावं लागतं.